‘धुऱ्यावर’चे एकतीस वाचक

मेहकर,
२ जुलै २०१७

शाकिर, तुला अनेक आशीर्वाद. (वयानं तू दोन महिन्यांनी मोठा आहेस, पण दहावीला संस्कृतात तुला माझ्याहून चार मार्क जास्त पडले तेव्हापासून मी वयाचा मुद्दा मानत नाही.)

हे फोनवर बोलता आलं असतं. पण मत्सर फोनवर नीट मांडता येत नाही, समोरचा मध्येच हसतो. पत्रात तुझं हसू मला आठवड्यानं पोचेल, तोवर माझं बोलून झालेलं असेल.

आपल्या अमडापूरच्या मंडळाची ‘धुऱ्यावर’ (तुमच्या पुण्यात धुऱ्याला बांध म्हणतात) ही कपाशीवाल्यांची वेबसाइट दोन वर्षं सुखात चालली होती. मी दर आठवड्याला तिच्यावर शेतीविषयी काही चिंतन लिहायचो. उकंडराव रोज सकाळी शेतात काय दिसलं ते सुनेला सांगायचे आणि राखी ते फोनवर टंकायची. कोण किती वाचतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मंडळात सगळेच थोर लेखक होते. मग पाडव्याला तू पुण्याहून आलास आणि तुझं मोजणीचं यंत्र बसवून गेलास.

जून महिन्याचा आकडा: उकंडराव बारा हजार चारशे. मी एकतीस.

परवाचं त्यांचं लेखन देतो, म्हणजे तुला स्पर्धेची कल्पना येईल. ‘आज चार ओळी पाह्यल्या. दोनात बी निंगालंच नाई. रेडिओ म्हणते पाणी येईन. आमची म्हैस म्हणते नाई येत. म्या म्हशीवर भरोसा ठेवला.’ संपलं. त्याच दिवशी मी ‘पर्जन्य’ या शब्दाच्या व्युत्पत्तीवर सातशे शब्द लिहिले होते. त्यात म्हैस नव्हती, ही माझी चूक.

तरी मी खचलेलो नाही. तुझ्या पडद्यावर नीट पाहिलं तर दिसतं की उकंडरावांचे सगळे वाचक फोनवर वाचतात. माझ्या एकतिसांपैकी तीस जण संगणकावर वाचतात. फोनवर वाचणं म्हणजे उभ्यानं जेवणं. संगणकावर वाचणारा पाट मांडून बसतो. हा वेगळा वर्ग आहे. एकतिसावा फोनवाला बहुधा वाट चुकून आलेला असावा. मीही रोज सकाळी शुद्धलेखनासाठी माझं पान उघडतो, पण एक माणूस एकदाच मोजला जातो असं तूच म्हणालास, तेव्हा मला वजा कर. उरले तीस.

हे तीस कोण, एवढंच हवं आहे. सगळी नावं देणं जड जात असेल तर त्यातल्या त्यात विद्वान दिसणारी पाच दे.

तुझा,
हिंमतराव


पुणे,
१३ जुलै २०१७

पंडितजी,

हसून झालं. आता लिहितो.

नावं देत नाही असं नाही बे, नावं नाहीतच. तुले समजेल असं सांगतो.

पान उघडलं की त्यातला एक बारका तुकडा माझ्या सर्व्हरला निरोप धाडतो: अमुक पान उघडलं, वाचणारा अमक्या साइटवरून आला, हातात फोन आहे की संगणक. बस. त्याच्या फोनात आम्ही काही ठेवत नाही. दुसरे ठेवतात, त्याला कुकी म्हणतात. म्हणजे दुकानात आलेल्याच्या खिशात त्याला न सांगता चिठ्ठी टाकायची, पुढच्या खेपेला ओळखता यावा म्हणून.

निरोपासोबत पाठवणाऱ्याचा पत्ता येतोच, पाकिटावर येतो तसा. आम्ही दारातच तो पत्ता, फोनची जात आणि त्या दिवसाचं मीठ एकत्र कुटतो. मीठ हा आमच्या धंद्यातलाच शब्द आहे. एक लांबलचक आकडा, रोज नवा. कुटून जे निघतं ते ठेवायचं, पत्ता फेकायचा. पिठातून ज्वारी परत काढता येत नाही. दिवस पालटला की कालचं मीठही नष्ट, म्हणजे उद्या मला स्वतःलाही कालचा माणूस ओळखता येऊ नये.

मग निरोप रांगेत लागतात, जिनिंगपुढं कापसाच्या गाड्या लागतात तशा. एकदम दोन हजार आले तरी दारातला टोकन देऊन मोकळा, आत आपल्या गतीनं उतरवतात. त्यामागं कोठार. तिथं एका माणसाची एक ओळ अशी वही नाही. पानांची नावं एका ढिगात, वेळा दुसऱ्यात, फोन-संगणक तिसऱ्यात. अब्बांच्या जिनिंगमध्ये रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं पडायची, तसं. ‘जूनमध्ये हे पान किती’ असं विचारलं की दोनच ढीग हलवावे लागतात. ते उत्तर तुझ्या पडद्यावर दिसतं आणि तुझी झोप जाते.

असं काऊन केलं, तेही ऐक. पहिल्या नोकरीत मी याच्या उलटं यंत्र बांधत होतो. एका बाईनं एका आजाराचं पान तीनदा उघडलं आणि चौथ्या दिवसापासून त्या आजाराच्या औषधाची जाहिरात तिच्या फोनवर तिच्या मागं फिरायला लागली. घरातल्या सगळ्यांनी पाहिली. तिचं नाव मला माहीत नव्हतं. तिची पावलं मात्र मीच मोजली होती. नंतर मी ती नोकरी सोडली.

उकंडरावांचं मी रोज सकाळी चहासोबत वाचतो. ती म्हैस भारी आहे. तुझं रविवारी वाचायचं ठरवतो.

शाकिर


मेहकर,
३ सप्टेंबर २०१७

प्रिय शाकिर,

‘ठरवतो’ या क्रियापदाचा मी दीड महिना अर्थ लावतो आहे.

पोळ्याला मंडळानं उकंडरावांना शाल दिली. मला सूत्रसंचालन दिलं. मी त्यांच्या गौरवार्थ बारा मिनिटं बोललो, टाळ्या त्यांना पडल्या. उत्तरादाखल ते म्हणाले, ‘मास्तर चांगलं बोलले. काय बोलले ते घरी जाऊन इचार करतो.’ लोक पोट धरून हसले. मीही हसलो. ते हसू दोन दिवस तोंडावरून काढता येईना.

आता एक कबुली. तू रागावशील म्हणून आधी केलं, मग कळवतो आहे. आपले खजिनदार भाऊराव, ज्यांच्या दुकानातून अर्धं अमडापूर बियाणं नेतं, त्यांच्या भाच्यानं सांगितलं की एका मोठ्या कंपनीचं मोजणीयंत्र फुकट मिळतं आणि ते सगळं सांगतं: वय, आवड, माणूस पहिल्यांदा आला की पुन्हा आला. फुकट आणि सर्वज्ञ ही दोन विशेषणं आजवर मी फक्त परमेश्वराला लावत आलो होतो. सचिव या नात्यानं साइटची किल्ली माझ्याकडं, दुसरी भाऊरावांकडं. तुझं यंत्र काढून ते बसवलं. दिवाळीपर्यंत प्रयोग.

शिवाय एक शोध माझा स्वतःचा. दुव्याला शेपटी लावता येते. प्रत्येक गावच्या व्हॉट्सअॅप गटाला मी आता वेगळा दुवा धाडतो, त्याच्या शेवटी गावाचं नाव. कुणी बोट लावलं की यंत्रात त्या गावापुढं एक आकडा वाढतो. टाक्याच्या वस्तीचा गट अवघ्या तीन घरांचा, पण वाचकांत भेद करणारा मी कोण? त्यांनाही स्वतंत्र शेपटी दिली.

अन्नपूर्णा म्हणाली, ‘कोन वाचते ते कळून काय करान? त्याच्या घरी जेवाले जान?’ बायकोला शास्त्राची गोडी नाही.

तुझा,
हिंमतराव


पुणे,
११ सप्टेंबर २०१७

हिंमत,

काढ ते. दिवाळीला नाही, आज.

तुमच्या साइटवर म्हशी आहेत तोवर काही बिघडत नाही. उद्या चोरून वाचावं असं एखादं पान येईल. खेड्यात चोरून वाचायला किती कमी जागा असते हे मी तुला सांगावं का? आपण दोघं उर्दू मासिक वाचायला तुमच्या गोठ्यात बसायचो.

माझं यंत्र काढलंस याचं काही नाही. लोकांना न विचारता त्यांच्या मागं शेपट्या लावल्यास याचं आहे.

शाकिर


मेहकर,
२ डिसेंबर २०१७

शाकिर,

तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. रागानं नाही. काही दिवस सुखात होतो, आणि नंतर तोंड नव्हतं.

सुखाला सुरुवातीलाच एक तडा गेला होता, तो आधी सांगतो. नव्या यंत्रानं पंधरा दिवसांत माझ्या संगणकवाल्या वाचकांचा वर्ग शोधून दिला. एकच जण. पुरुष, वय पंचेचाळीस ते चोपन्न, रोज सकाळी येतो, आवड: चष्मे आणि गुडघ्याचं मलम. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग तुझं ते रोजचं मीठ आठवलं. एक माणूस एकदा, पण एका दिवसात एकदा. दुसऱ्या दिवशी तुझं यंत्र मला नव्यानं भेटतं. जूनमध्ये मी मला तीस वेळा वाचलं. म्हणजे वजा एक नव्हे, वजा तीस करायचे होते. उरला एक तो फोनवाला, ज्याला मी वाट चुकलेला म्हणालो होतो. तो तू होतास का? उत्तर देऊ नकोस. दे.

दिवाळी झाली तरी यंत्र मी काढलं नाही. नोव्हेंबरात कपाशीची बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. जी येऊ नये म्हणून महागडं बीटी बियाणं घ्यायचं, तीच. कृषी कार्यालयानं तक्रारी मागवल्या. अर्ज असा की आपल्या लोकांना तो शत्रूनं लिहिल्यासारखा वाटावा. सरकारी मराठी हे संस्कृतचं सावत्र अपत्य आहे, त्याचा अन्वय मला लागतो. म्हणून मी ‘बोंडअळीची तक्रार कशी करावी’ हे पान लिहिलं. बिल, बियाण्याचं रिकामं पाकीट आणि सातबारा हे तिन्ही जोडा, बिल नसेल तर अर्ज घेत नाहीत, वगैरे. सवयीप्रमाणे प्रत्येक गावाला शेपटीचा दुवा धाडला.

दोन दिवसांत एकोणीसशे चाळीस. शाकिर, मी जेवायला उठलो नाही. उकंडराव त्या दिवशी तीनशेवर होते. मी ते दोनदा पाहिलं.

तोच पडदा भाऊरावही पाहत होते. टाक्याच्या वस्तीपुढं आकडा होता तीन. तीन घरं, तीन वाचक. नाव कशाला लागतं? सोमवारी ते मोटारसायकल काढून वस्तीवर गेले. ‘कंपनीचा मानूस येऊन राह्यला, बिलं तपासाची हायेत, देऊन ठेवा.’ ज्याच्याकडून दर साली बियाणं न्यायचं त्याला नाही कोण म्हणणार? तिघांनी बिलं दिली, पाकिटंही दिली. भाऊराव राक्षस नाहीत. तक्रारी कमी व्हाव्यात म्हणून त्यांच्याही मानेवर कंपनीचा माणूस बसला होता. पण त्यांना वस्तीचा रस्ता मी दाखवला.

मंगळवारी सगळ्या गावांत बोभाटा झाला की हे पान आपल्याला पाहतं. बुधवारी माझे वाचक चार. त्यातला एक मी. या वेळी नक्की एकच.

गुरुवारी उकंडराव मेहकरच्या बसनं शाळेत आले. मोकळ्या तासाला आम्ही व्हरांड्यात बसलो.

‘मास्तर, लोक म्हन्तात तुमचं पान आपल्याले पाह्यते.’

‘हो, पाहतं.’

‘काऊन?’

‘कोण वाचतं ते मला पाहायचं होतं.’

ते म्हणाले, ‘मंग मले इचाराचं. म्या सांगतलं असतं, कोनी नाई वाचत.’ मग माझा चेहरा पाहून म्हणाले, ‘हे तक्रारीचं वाचत होते पन. हे कामाचं होतं.’

सांत्वन कसं करू नये याचा हा उत्तम नमुना. त्यांच्यासमोर मी ते यंत्र काढलं, शेपट्या तोडल्या, तुझं यंत्र परत बसवलं. रविवारी आम्ही दोघं भाऊरावांच्या दुकानात गेलो. मी पंधरा मिनिटं धर्म सांगितला. ते वजनकाटा पुसत राहिले. मग उकंडराव म्हणाले, ‘भाऊराव, पुढच्या साली आमी बियानं कुठून घ्याचं म्हन्ता?’ भाऊरावांनी गल्ल्यातून तिन्ही बिलं काढून दिली, मागोमाग पाकिटंही. पंधरा मिनिटं विरुद्ध एक वाक्य. त्याचा मला किती त्रास झाला हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

पण लोक पान उघडत नाहीत. अर्जाची मुदत पंधरा तारखेची. चुकीचे भरलेले अर्ज परत येताहेत. तुझ्या यंत्रात असं काही आहे का, ज्यानं त्यांचा विश्वास बसेल?

हिंमत


पुणे,
६ डिसेंबर २०१७

हिंमत,

विश्वास बसवायचं यंत्र माझ्याकडं नाही. असतं तर मी ते विकलं नसतं.

एक सांगायला हवं. सगळा दोष तुझा नाही. तुझ्या शेपट्या माझ्याही यंत्रानं मोजल्या असत्या. दारात पत्ता फेकला म्हणून मी निर्धास्त होतो. तीन घरांची वस्ती माझ्या डोक्यात आलीच नाही, कारण मी आता अशा इमारतीत राहतो जिथं एका जिन्यावर चाळीस घरं आहेत. अमडापूर विसरून मी अमडापूरसाठी रचना केली. काल रात्री बसून बदललं. आता दहापेक्षा कमी वाचणाऱ्यांचा गट पडद्यावर दिसणारच नाही. आणि निरोप आला की दुव्याची शेपटी दारातच छाटली जाते, कोठारापर्यंत पोचत नाही. एका रात्रीचं काम होतं. तुझ्या चुकीशिवाय सुचलं नसतं, याबद्दल आभार मानणार नाही.

फोनवाला मी नव्हतो. माफ कर. कोण होता ते मला कळू शकत नाही.

आणि मत्सर तुझ्या एकट्याच्या मालकीचा नाही. तू आणि उकंडराव एका दुकानात उभे राहून भाऊरावांशी भांडता, ज्यांच्यासाठी लिहिता त्यांना चेहऱ्यानं ओळखता. मी आठ वर्षं हजारो साइटींचे वाचक मोजतो आणि त्यातल्या एकालाही ओळखायचं नाही असं स्वतःच ठरवून बसलो आहे. तुझं पत्र वाचलं की दोन दिवस माझं कामात लक्ष लागत नाही.

पान उघडायची भीती असेल तर उघडायला लावू नका. दुसरं काही मला सुचत नाही.

शाकिर


मेहकर,
२३ डिसेंबर २०१७

प्रिय शाकिर,

मुदत संपली. अमडापूर आणि आसपासचे मिळून एकशे त्रेसष्ट अर्ज कृषी कार्यालयानं घेतले. टाक्याच्या वस्तीचे तिन्ही त्यात आहेत. पदरात काय पडेल ते पुढं कळेल. निदान परत तरी आले नाहीत.

ते असं झालं. तुझी शेवटची ओळ वाचून मी शनिवारी अमडापूरला गेलो आणि सकाळी डेअरीवर, दूध घालायला सगळे रांगेत असतात तेव्हा, पान मोठ्यानं वाचायला उभा राहिलो. आवाज माझा बरा आहे, तुला ठाऊक आहे. चौथ्या वाक्याला लोक चुळबुळ करू लागले. सहाव्या वाक्याला एक जण म्हणाला, ‘गुरुजी, हे मराठीत हाये का?’

उकंडरावांनी माझ्या हातून कागद घेतला नाही. त्यांनी स्वतःचा फोन काढला, राखीनं त्यांना ते पान उघडून दिलेलं होतं. आणि वाचू लागले. शब्द माझेच, शाकिर, एक बदलला नाही. पण ‘सबब’ म्हटलं की थांबायचे, रांगेकडं पाहायचे, आणि रांग मान हलवायची. ‘बिल’ शब्दाला त्यांनी खिशावर हात ठेवला, तर सगळ्या रांगेचे हात खिशावर. बारा तारखेपर्यंत रोज दोन्ही वेळा वाचलं. शंभर-सव्वाशे माणसं असायची. तुझ्या पडद्यावर त्या पानापुढं काहीच दिसत नाही, कारण फोन एकच, आणि दहाच्या खालचं तू झाकून टाकलं आहेस.

शेवटच्या दिवशी एक म्हातारा त्यांना म्हणाला, ‘उकंडराव, काय झ्याक लिव्हलं तुमी.’

‘म्या नाई, हे मास्तरनं लिव्हलं.’

सगळे हसले. त्यांना तो उकंडरावांचा विनय वाटला. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा लोक त्यांच्या मोठेपणावर आणखी खूश झाले. मी तिथंच होतो, दुधाच्या कॅनवर हात ठेवून.

आता कपाशीच्या पऱ्हाट्या या महिनाअखेर उपटल्या नाहीत तर अळी पुढच्या सालापर्यंत रानातच मुक्काम करणार. ते सांगणारं पान हवं आहे. उकंडराव काल घरी आले, अन्नपूर्णेच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, ‘मास्तर, तुमी लिवा, म्या वाचतो.’

विचार करून सांगतो म्हणालो. आज सकाळीच लिहून झालं आहे. त्यांना सोमवारी देईन.

तुझा,
हिंमतराव